हौसेचें मोल : फाळक्यांची नाशिकची चित्रशाळा

हौसेला मोल नसतें, अशी आपल्यांत एक म्हण आहे. म्हणणाराचा अभिप्राय उदार असतो. परंतु तिचा उपयोग बहुधा कोणी मुलाच्या बारशाला वाजंत्री आणली किंवा दिवाणखान्यांत झुंबर टांगलें म्हणजे होतो. एखाद्या गृहस्थानें घरांतील एक खोली अडवून तेथें रंगाच्या बाटल्या, कांचा, कातऱ्या आणि सरसाचीं भांडीं मांडलीं, तर मात्र त्याच हौसेचें मोल घरचीं माणसें पैपैनें सांगूं लागतात. तीं चुकतात असेंहि नाहीं.

दादासाहेब फाळके यांच्या कामाकडे या दृष्टीनें पाहिलेलें आमच्या वाचनांत फारसें आलें नाहीं. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा जयजयकार नित्य होतो. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नांवें पुरस्कार देत आलें आहे. नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारक आहे. २००९ सालीं परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटानें त्यांची कथा नव्या पिढीस मोठ्या गमतीनें सांगितली. या सर्वांत सन्मान पुष्कळ आहे, परंतु खुद्द चित्रांची पारख थोडी. एका मोठ्या धंद्याचा मूळपुरुष म्हणून ज्याला पाटावर बसविलें, त्याच्या हातच्या कामांतील गुणदोष विचारणें लोकांस शिष्टाचाराचें वाटत नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. फाळके हे आमच्या मतें स्वभावानें हौशी कारागीर होते. त्यांच्या चित्रांत जें उत्तम आहे तें त्या कारागिराचें आहे. आणि ती कारागिरी घराच्या अंगणांत होती तोंवरच तिला खरा बहर होता.

हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ येथें कोणी करूं नये. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं एका शास्त्र्याच्या घरीं जन्मलेल्या या मुलानें ज्या ज्या विद्येस हात घातला ती नीट शिकूनच घातला. १८८५ सालीं तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेला. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला, मूर्तिकाम व छायाचित्रण यांचा अभ्यास झाला. गोध्र्यास फोटोचें दुकान घातलें. तेथें प्लेगानें पत्नी आणि मूल दोन्ही नेलीं. नाटकांचे पडदे रंगविले. जादू शिकून, आपल्याच आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें खेळ केले. पुराणवस्तु खात्यांत नोकरी धरली व सोडली. लोणावळ्यास राहून रविवर्म्याच्या छापखान्याचें शिळाछापाचें काम केलें, मग भागीदारींत स्वतःचा छापखाना काढला, आणि १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं जर्मनीची वारी केली. छापखाना नांवारूपास आला, भागीदारांशीं बिनसलें, आणि चाळिशी उलटलेला हा गृहस्थ पुन्हा मोकळा!

ही यादी वाचून शेजारीपाजारी काय म्हणत असतील हें सांगावयास नको. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा एखादा पुरुष आहे त्यांना तर तें पाठच असेल. परंतु प्रत्येक सोडलेल्या धंद्यानें या माणसाच्या हातांत एकेक कसब ठेवून दिलें होतें, आणि १९१२ सालीं विमापत्रें गहाण टाकून तो विलायतेहून विल्यम्सनचा कॅमेरा घेऊन परतला, तेव्हां त्या साऱ्या कसबांना एकाच वेळीं बोलावणें आलें.

त्यांत रंगाची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. ज्याचा हात आयुष्यभर रंगांत होता, पिवळा, तांबडा व निळा हे तीन ठसे एकमेकांवर केसभरहि न सरकूं देतां बसविणें हा ज्याचा धंदा होता, त्यानें असें माध्यम धरलें कीं ज्यांत रंगच नव्हता. त्याहून बिकट म्हणजे, त्या काळची फिल्म रंगांविषयीं चक्क खोटें बोलत असे. तांबडा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. कुंकू, ओठ, लाल शालू, सारें पडद्यावर काळें उतरे. निळें आकाश पांढरें फटक होई आणि त्यांत ढग विरून जात. सर्व रंगांच्या छटा डोळ्यांस दिसतात त्या मानानें उतरविणारी फिल्म चित्रपटाच्या धंद्यांत रूढ झाली ती १९२० नंतरचें दशक संपत आल्यावर. तेव्हां तारामतीला नटवितांना रंगाऱ्यानें साक्षात् दिसणारी शोभा विसरावयाची, आणि हें वस्त्र करड्या रंगाच्या कोणत्या पायरीवर जाऊन बसेल एवढाच हिशेब करावयाचा. हा हिशेब साध्या चित्रकारास सहज साधणार नाहीं. परंतु तीनरंगी छपाई करणारा प्रथम चित्राचे रंग निरनिराळे फोडतो, आणि प्रत्येक रंगाचें निराळें काळेंपांढरें चित्र समोर धरून पाहतो. तांबडा रंग एका कांचेवर काळा आणि दुसरीवर पांढरा कसा होतो, हें फाळक्यांनीं छापखान्यांत शेंकडों वेळां पाहिलें असलें पाहिजे. रंग टाकून कसें पाहावें हें त्यांस रंगीत छपाईनेंच शिकविलें, असा आमचा तर्क आहे. आणि उपलब्ध रिळांत पात्रें मागच्या पडद्यापासून किती स्वच्छ सुटून दिसतात हें पाहिलें म्हणजे तो तर्क दृढ होतो.

आतां जागेविषयीं. विलायतेस फाळक्यांनीं सेसिल हेपवर्थ याची चित्रशाळा पाहिली होती. इकडे आल्यावर त्यांची चित्रशाळा म्हणजे दादरच्या राहत्या बंगल्यांतील खोल्या आणि आवार. पहिला प्रयोग तर कुंडींतच झाला. वाटाण्याचा दाणा पेरून, रोज थोडें थोडें चित्र घेऊन, त्यांनीं अंकुराची वाढ एका लहानशा चित्रपटांत दाखविली आणि ती पाहूनच भांडवल देणारा सांपडला. या चित्रास आम्ही फाळक्यांच्या कामांत फार वरचें स्थान देतों. महिनाभर एका कुंडीपुढें बसण्याची चिकाटी पगारी माणसाची नसते. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोंकें पाडावयाचीं, तीं अंधारांत बसून सरस्वतीबाई पाडीत. फिल्म धुण्याच्या कामीं त्यांचाच हात असे. उन्हाचा उजेड पात्रांच्या तोंडावर उलटविण्यासाठीं पांढऱ्या चादरी धरून त्याच उभ्या राहत, आणि मग साऱ्या मंडळीच्या जेवणाचेंहि त्यांनाच पाहावें लागे. भांडवलांत त्यांचे दागिने होतेच. चित्रपटांत काम करणें लौकिकांत बरें दिसत नसल्यामुळें, आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत कामाला आहों असें नटांनीं बाहेर सांगावें, अशी फाळक्यांची शिकवण होती म्हणतात. ती थाप होती असें आम्हांस वाटत नाहीं. तो खरोखरच घरगुती कारखाना होता, आणि त्याची मालकीण उजेडांत कधीं आली नाहीं.

१९१३ च्या मे महिन्यांत मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षीं फाळके बिऱ्हाडासह नाशिकास आले. निवड जाणत्याची होती. सूर्य हाच ज्या चित्रशाळेचा दिवा, तिला मोकळें आवार हवें. आणि पौराणिक कथा मांडणारास गोदावरीचे घाट, काळ्या दगडाचीं देवळें आणि त्र्यंबकाकडील डोंगर हे न रंगवितां मिळणारे पडदे. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि १९१७ चें ‘लंकादहन’ हीं चित्रें या मुक्कामांतलीं. ‘लंकादहना’त साळुंके यांनींच राम आणि त्यांनींच सीता केली, हें पुष्कळांस ठाऊक आहे. प्रेक्षकांनीं तें निमूटपणें मानलें, यावरून त्या काळच्या श्रद्धेची कल्पना येते. अभिनयाची मात्र येत नाहीं.

कारण अभिनय हें या चित्रांचें दुबळें अंग आहे, आणि तें झांकण्यांत अर्थ नाहीं. ‘राजा हरिश्चंद्रा’च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच आज उरलीं आहेत; तींहि १९१३ चीं कीं १९१७ सालीं फाळक्यांनीं पुन्हा केलेल्या चित्रपटाचीं, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. तीं पाहतांना आरंभींच राजा आपल्या मुलास धनुर्विद्या शिकवितांना दिसतो. राणी, सेवक, नागरिक सारे प्रेक्षकांकडे तोंडें करून उभे आहेत. रविवर्म्याचें चित्र भिंतीवरून उतरून किंचित् हललें, असा भास होतो. एक क्षणभर तो मोहक आहे. मग राजा हात वर करतो, खालीं करतो, आणि आपण पुढच्या मजकुराच्या पाटीची वाट पाहूं लागतों. पडदे रंगविणाऱ्या हातानें येथें नटांनाहि पडद्यावर रंगविलें आहे. राजवाडा कापडाचा आणि घाटावरचें पाणी खरें, असा सांधाहि डोळ्यांस बोंचतो.

परंतु विश्वामित्राच्या यज्ञाचा प्रसंग येतो आणि सारें बदलतें. ज्वाळांतून त्या तीन शक्ति प्रगट होतात. कॅमेऱ्यांतील फिल्म मागें गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यानें चित्र घ्यावयाचें, अशी ही कृति. हाताचा फेरा मोजण्यांत चूक झाली, कीं दोन्ही चित्रें फुकट. एका ठशावर दुसरा ठसा बरोबर बसविणारा छापखानेवाला आणि प्रेक्षकांची नजर कोठें आहे हें जाणणारा प्रोफेसर केळफा, दोघेहि येथें एकदमच कामाला लागले आहेत. येथें अवघडलेपणा नाहीं, उसनेपणा नाहीं. चमत्कार म्हणजे नुसती करामत, तिला कलेंत काय स्थान, असा आक्षेप विद्वान घेतील. त्यांस आमचा उलट प्रश्न आहे, कीं पुराणकथेंतून चमत्कार काढल्यावर पडद्यास काय उरतें? हरिकथेंत बुवा शब्दानें जें उभें करतात तें डोळ्यांपुढें आणून देणें हें फाळक्यांनीं आपलें काम मानलें, आणि त्या कामाला नटापेक्षां कारागीरच हवा होता.

१९१८ सालीं मुंबईच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैशाची विवंचना संपली, खर्चावर नजर ठेवणारे आले, आणि वर्षादोनवर्षांत फाळके सारें टाकून काशीस गेले. तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें. पुढें ते कंपनींत परतले आणि चित्रें करीत राहिले. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याची आमची इच्छा नाहीं. भांडवल घालणाराला हिशेब मागण्याचा हक्क असतोच. परंतु कुंडीपुढें महिनाभर बसण्याचा हिशेब वहींत कसा मांडावयाचा? जो माणूस पत्नीस आपल्या प्रयोगांत ओढूं शकत होता, तो भागीदारांस ओढूं शकला नाहीं. १९३७ चें ‘गंगावतरण’ हें त्यांचें शेवटचें चित्र कोल्हापूर सिनेटोनसाठीं झालें. तोंवर चित्रपट बोलूं लागला होता, आणि हातानें करावयाच्या गोष्टी थोड्या उरल्या होत्या. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकासच त्यांचा अंत झाला.

कंपनीच्या काळांतील एक चित्र मात्र आमच्या विधानास छेद देतें, आणि त्याचा उल्लेख टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९१९ चें ‘कालियामर्दन’ कंपनीच्या नांवावर आहे आणि तें आमच्या मतें फाळक्यांचें सर्वांत सुंदर काम आहे. पण त्यांतला कृष्ण कोण? फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. कथेस आरंभ होण्यापूर्वीं ही मुलगी साध्या रूपांत कॅमेऱ्यासमोर बसून राग, हसूं, भय असे भाव एकामागून एक दाखविते. मग तीच कृष्णाच्या वेषांत गोकुळांत शिरते. आपल्या मुलीची ही चुणूक लोकांस दाखविल्याखेरीज बापास राहवलें नाहीं, हें उघड आहे, आणि कोणत्याहि कंपनीच्या व्यवस्थापकास ही चाळीसपन्नास हात फिल्म वायां गेली असेंच वाटलें असतें. साळुंक्यांच्या सीतेंत जें नाहीं तें या मुलींत आहे. ती उभी राहत नाहीं, वावरते. लोणी चोरतांना तिचे डोळे खरोखर घरांतल्या वडील माणसाला भितात. कालियाच्या डोहांतील झुंज कृत्रिम आहे, दोऱ्या असाव्या असें वाटत राहतें. तरी नागाच्या फणेवर ती नाचूं लागली म्हणजे आपण दोऱ्या शोधण्याचें सोडून देतों.

या चित्राचा बराच भाग सुदैवानें शिल्लक आहे. तें पाहणारांस एकच सूचना करावीशी वाटते. मुकी चित्रें हातानें दांडा फिरवून घेतलेलीं असत आणि त्यांची गति आजच्या चित्रपटापेक्षां बरीच मंद असे. आजच्या गतीनें दाखविलीं कीं माणसें तुरुतुरु पळतात आणि मुलें हसतात. आम्ही पाहिलें तेव्हां असेंच झालें. शेजारच्या बाईंनीं मुलास गप्प केलें खरें, पण हसण्याजोगें तें दिसत होतेंच. तेव्हां मूळ गतीनें दाखविण्याची सोय असेल तेथेंच तें पाहावें, मुलांस बरोबर न्यावें, आणि आरंभींच्या त्या मंदाकिनीच्या चेहऱ्यांसाठीं वेळेवर जाऊन बसावें.