संरक्षणाची अट

महाराष्ट्र विधिमंडळाने ७ एप्रिल २०१७ रोजी पत्रकार संरक्षण कायदा मंजूर केला, तेव्हा देशातला असा पहिला कायदा म्हणून त्याचे कौतुक झाले. राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१९ उजाडले. मी वकील नव्हे. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळता चाळता कायदे वाचायची सवय लागली. हा कायदा मात्र मी वाचला तो आमच्या तालुक्यातल्या एका वार्ताहरामुळे. वाळूउपशाची बातमी दिली म्हणून त्याला मारहाण झाली होती.

वरवर पाहता कायदा भक्कम आहे. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. औषधोपचाराचा खर्चही हल्लेखोराकडूनच वसूल व्हायचा.

पहिली खोच व्याख्येत आहे. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे, त्यालाच हे संरक्षण. तालुक्याच्या वार्ताहराचे पोट चालते शेतीवर नाहीतर झेरॉक्सच्या दुकानावर. वृत्तपत्राकडून त्याला मिळते ते जाहिरातीचे कमिशन. ठाण्यात आमच्या वार्ताहराला जखमेआधी नेमणुकीचे पत्र विचारले गेले. ते नव्हते. अदखलपात्र नोंद करून त्याला घरी पाठवले.

दुसरी खोच अधिक गंभीर. पत्रकाराने खोटी तक्रार केली तर त्यालाही हल्लेखोराइतकीच, म्हणजे ३ वर्षांपर्यंतची शिक्षा. शिवाय अधिस्वीकृती रद्द. खोट्या तक्रारींचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्यासाठी दंड संहितेत १८२ आणि २११ ही कलमे होतीच. २०१७ मध्ये २११ खाली, अशा प्रकारच्या आरोपासाठी, कमाल शिक्षा २ वर्षांची होती. म्हणजे संरक्षणाच्या कायद्याने पत्रकाराला सामान्य नागरिकापेक्षा जास्त धोक्यात उभे केले. पुढे न्याय संहितेने सर्वांसाठीच ही शिक्षा वाढवली, पण २०१७ च्या कायदाकर्त्यांची त्यावेळची दृष्टी त्याने लपत नाही.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांची रिफायनरीसंबंधीची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. तिथे गुन्हा लागला तो दंड संहितेतल्या खुनाचा. जीव गेल्यावर जुना कायदा धावतो. नव्या कायद्याची खरी गरज त्याआधीच्या टप्प्यावर आहे, पहिल्या धमकीच्या, पहिल्या थपडेच्या वेळी. आणि नेमक्या त्याच वेळी तो तक्रारदाराला विचारतो, तू पत्रकार कशावरून, आणि सिद्ध झाले नाही तर?

दुरुस्ती अवघड नाही. नेमणुकीऐवजी छापून आलेली बातमी हाच पुरावा मानावा आणि खोट्या तक्रारीचे वेगळे कलम काढून टाकावे. आमच्या वार्ताहराने त्यानंतर वाळूवर लिहिलेले नाही. उपसा चालूच आहे.