डोंगरीची कोठडी आणि कॉलेजचा कट्टा

मंडळी, आगरकरांचं ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ आपण देशभक्तीचं पुस्तक म्हणून वाचतो. १८८२ साली कोठडीत आगरकर आणि टिळक. मला त्यात दिसतात शाळा काढलेले, अखंड बोलणारे दोन तरुण मास्तर. पण पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे: ते दुरावा येण्याआधीचं आहे. पुढे धर्म आणि सुधारणेवरून दोघांचं बिनसलंच. तरी १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, त्या भांडणात आजीव सभासदांनी बाहेर कमवावं का, हाही प्रश्न होता. म्हणून कोपरीतल्या कॉलेजच्या मुलांना म्हणतो, कट्ट्यावर मतं जुळली नाहीत तरी चालेल. एकत्र काम करायचे नियम मात्र आधी ठरवा. नाहीतर १०१ दिवसांची मैत्रीसुद्धा पुरत नाही.