फसलेले दान आणि वाचकाची सचोटी

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्को इलिझियम’ या संगणकीय भूमिका-खेळासंबंधी उपस्थित होणारा मूलभूत प्रश्न असा, की ज्यात लढाईची स्वतंत्र यंत्रणा नाही आणि ज्याची संहिता १० लाखांहून अधिक शब्दांची आहे, तो खेळ खेळावाच कशासाठी? त्याऐवजी कादंबरी का वाचू नये? प्रश्न रास्त आहे. कारण खेळाचा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्व्हिट्स याने याच कल्पित विश्वावर २०१३ मध्ये एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली होतीच. रूप बदलल्याने काय साधले, हे म्हणूनच तपासले पाहिजे.

कथानकाच्या पातळीवर वाचकाचे स्वातंत्र्य मर्यादित आहे. रेव्हाशोल हे शहर फसलेल्या क्रांतीनंतर परकीय राष्ट्रांच्या आघाडीच्या अमलाखाली आहे. तेथील बंदराच्या भागात गोदी कामगारांचा संप चालू असता एका झाडाला प्रेत लटकलेले आढळते. तपासासाठी आलेला पोलीस अधिकारी अतिमद्यपानाने स्वतःचे नावही विसरला आहे. वाचकाने कोणताही मार्ग धरला तरी खुनी बदलत नाही. त्याची निवड घडवते ती घटना नव्हे, तर घटनेकडे पाहणारी जाणीव.

ही जाणीव एकसंध नाही. तर्क, वाक्पटुता, सहानुभूती, सहनशक्ती अशा नायकाच्या २४ क्षमता स्वतंत्र पात्रांप्रमाणे त्याच्याशी बोलतात, परस्परांना खोडून काढतात, प्रसंगी त्याची दिशाभूलही करतात. बाख्तिनने दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांत पाहिलेली बहुस्वरता येथे एकाच मस्तकात नांदते, असे म्हणता येईल. मात्र या आवाजांवर एकाच उपरोधिक लेखणीची छाप आहे. साम्यवादी असो की उदारमतवादी, प्रत्येक भूमिकेची थट्टा बव्हंशी एकाच सुरात होते. निव्वळ बहुस्वरतेच्या बळावर ही कृती श्रेष्ठ कादंबरीची बरोबरी करू शकत नाही.

तिचे खरे वेगळेपण फाशांत आहे. दोन फाशांच्या दानात क्षमतेचे गुण मिळवले जातात. दोन्ही फाशांवर एक पडला तर क्षमता कितीही असो, अपयश अटळ. ३६ पैकी ती एक शक्यता कायमच उरते. काही दाने पुन्हा टाकता येतात, तांबड्या रंगाने दर्शवलेली मात्र एकदाच. अपयशाने खेळ सहसा थांबत नाही; त्यासाठी निराळी, तितकीच समृद्ध संहिता सिद्ध असते. गोळीबाराच्या प्रसंगी दान फसले तर नायकाचा संयमी सहकारी किम कित्सुरागी जखमी होतो आणि उरलेल्या तपासात कुनो या शिवराळ पोराची सोबत पत्करता येते. कादंबरीत नायकाचे अपयश वाचक पाहतो. येथे ते त्याच्या हातून घडते. फसलेल्या क्रांतीच्या शहरात फसलेले दान घेऊन चालत राहणे, यात आशय आणि रूप एकजीव होतात.

परंतु खेळ जतन करून ठेवता येतो, आणि दान फसताच मागे जाऊन ते पुन्हा टाकण्याची मुभा राहते. ती मुभा घेणाऱ्याला सोयीचे कथानक लाभते, पण हातून घडलेल्या अपयशाचा अनुभव निसटतो. मग उरते ती केवळ एक लांबलेली कादंबरी. खेळ खेळण्याजोगा निश्चितच आहे. मात्र फसलेले दान तसेच राहू देण्याची सचोटी वाचकाला स्वतःच आणावी लागते.