गाठ आटली, आयुष्य वाढले का?

तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे आपण वर्गात सांगतोच. रोग पुढच्या अवस्थेत पोहोचल्यावर काय करतात, याबद्दल मात्र अलीकडे ‘दुहेरी हल्ला’ अशा भाषेत लिहिले जाते. एक औषध प्रतिकारशक्तीला जागे करते, दुसरे कर्कपेशींच्या वाढीची वाट अडवते. मग दोन्ही एकत्र दिली की फायदा दुप्पट! ही बेरीज आम्हाला तपासून पाहावीशी वाटते.

कल्पना निराधार नाही. आपल्या टी-पेशींवर ‘पीडी-१’ नावाचे प्रथिन असते. ते ब्रेकसारखे काम करते. कर्कपेशी हा ब्रेक दाबतात आणि टी-पेशी थंडावतात. पेंब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१ झाकून टाकतात, त्यामुळे ब्रेक दाबला जात नाही. लक्ष्यवेधी औषधांचे काम वेगळे. एर्लोटिनिब पेशीला ‘वाढ’ असा संदेश देणारी ईजीएफआर ही यंत्रणा बंद पाडते. लेन्व्हॅटिनिब मुख्यतः गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते.

आता पुरावा पाहू. ‘लीप-०१०’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाचे पाचशेहून अधिक रुग्ण होते. सर्वांना पेंब्रोलिझुमॅब दिले. निम्म्यांना जोडीला लेन्व्हॅटिनिब, उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. जोडऔषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आटली, दुसऱ्या गटात सुमारे २५ टक्के. इथेच थांबलो तर टाळ्या वाजवाव्या लागतील. पण जगण्याच्या कालावधीचा मध्यक पाहा : जोडऔषधाच्या गटात सुमारे १५ महिने, एकट्या पेंब्रोलिझुमॅबच्या गटात सुमारे १८! हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, हे नक्की. तीव्र दुष्परिणाम मात्र जोडऔषधाने बरेच वाढले. २०२३ मध्ये चाचणी थांबवण्यात आली.

दुसरे उदाहरण मुंबईचे. टाटा स्मारक रुग्णालयातील १५१ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांना मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही स्वस्त औषधे तोंडावाटे दिली. एका गटाला त्याखेरीज दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एक वर्षानंतर या गटातील सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील सुमारे १६ टक्के. पूर्ण मात्रेचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने हा निष्कर्ष मोलाचा आहे.

तरीही यातून ‘जोडीचा विजय’ सिद्ध होत नाही. एर्लोटिनिब दोन्ही गटांत होते, फरक निव्होलुमॅबचा होता. तेव्हा अल्प मात्रेतील निव्होलुमॅब उपयोगी पडले, एवढेच म्हणता येते. एर्लोटिनिबने त्याला हात दिला की नाही, हे ठरवायला केवळ निव्होलुमॅब घेणारा तिसरा गट लागला असता. शिवाय ही चाचणी एकाच रुग्णालयातली होती. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे असल्याने तिथले महिने आणि इथले टक्के शेजारी मांडून तुलना करणेही चुकीचे ठरेल.

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. औषधाच्या बातमीलाही तोच नियम लावू या. दोन गटांत नेमका फरक कशाचा होता? मोजले काय, गाठीचा आकार की माणसाचे आयुष्य? आणि ते औषध कोणाला परवडेल? हे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थी ‘रामबाण उपाय’ या मथळ्याला सहसा फसणार नाही. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्याला तर आशा आणि आश्वासन यांतला फरक कळणे फारच गरजेचे आहे.