पाणी आधी की जन्म आधी?

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला लोक दर्शनासाठी थांबतात आणि पेढ्यासाठीही. जैन परंपरेत हे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे मुनी इथून मोक्षाला गेले असं मानतात. आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली तीही इथेच. मोक्ष म्हणजे जन्माच्या फेऱ्यातून सुटका, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही कळतं. पुन्हा जन्म घ्यावा लागणं ही शिक्षा.

म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचताना मी अडखळलो. रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला येशू सांगतो की पुन्हा जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. मूळ ग्रीक शब्द आहे 'अनोथेन'. त्याचे अर्थ दोन: 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि विचारतो, म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत जायचं कसं? येशूचं उत्तर पाण्याकडे आणि आत्म्याकडे बोट दाखवतं. मराठी बायबलने इथे 'पुनर्जन्म' टाळून 'नव्याने' जन्मणं स्वीकारलं, ते बरंच झालं. नाहीतर आपण थेट चौऱ्याऐंशी लक्ष योनींत पोचलो असतो. 'बाप्तिस्मा' हा शब्द मात्र ग्रीकमधून जवळपास तसाच आला. त्याच्या मुळाशी आहे 'बुडवणं'. वसईकडचे कॅथलिक त्याला स्नानसंस्कार असंही म्हणतात, पण पौलाला अंघोळ पुरेशी वाटत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हणतो. आधी मरण, मग नवं जगणं.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात हे मरण निव्वळ उपमा नव्हतं. बाटलेला माणूस घराला मेल्यासारखाच. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० मध्ये कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावं. या मरणातून गेलेल्या तिघांकडे मला पाहायचंय, कारण तिघांचा क्रम वेगवेगळा आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पुढे स्वतःची हकीकत सांगताना त्यांनी कबूल केलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. पाणी आधी, जन्म नंतर.

ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते सोडलंच नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे १९१७ मध्ये याच टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य एकत्र बसणार होते. ज्या पाण्यासाठी घरदार उलटंपालटं झालं, ते पाणी त्यांनी दाराची अट म्हणून ठेवलं नाही.

आणि लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सांभाळलं. 'स्मृतिचित्रे'त त्या सांगतात की एकदा विचार करता करता त्यांना वाटलं, जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या. त्या क्षणापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, या निश्चयानंतर. माझ्या मते 'स्मृतिचित्रे'तला नवा जन्म तिथे होतो. तोही पाण्यानेच, पण डोक्यावर ओतलेल्या नव्हे, दुसऱ्याच्या हातून प्यालेल्या.

आपण हे पुस्तक विनोदासाठी वाचतो. टिळकांचा विसरभोळेपणा, बाईंच्या फजित्या, त्या दोघांची भांडणं. ते सगळं आहेच, आणि सुंदर आहे. पण त्या हसण्यात धर्मांतराचा भाग घरगुती भानगड होऊन जातो. मग सोवळ्यात वाढलेली बाई कुणाच्याही हातचं पाणी पिते ही घटना किती मोठी, ते निसटतं. पाण्यावर पहारा असलेल्या समाजात याहून मोठा संस्कार कुठला? महाडचं चवदार तळं अजून सत्तावीस वर्षं दूर होतं.

गंमत म्हणजे शास्त्रही एका क्रमावर हटून बसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनचे लोक आधी बाप्तिस्मा घेतात, आत्मा नंतर उतरतो. कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी उतरतो आणि पेत्राला मागाहून पाणी मागवावं लागतं. वधस्तंभावरच्या चोराला तर पाणी मिळतच नाही, तरी सुखलोकाचं वचन मिळतं. रमाबाई, लक्ष्मीबाई आणि दरबारात बाप्तिस्म्याशिवाय बसणारे, तिघांनाही तिथे जागा आहे. एवढंच की कर्नेल्याच्या घरी पेत्र कुणाबरोबर जेवतो यावरूनच नंतर यरुशलेमात भांडण लागतं. म्हणजे तिथेही प्रश्न पंगतीचाच.

हा प्रश्न आज संपलेला नाही. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं तेव्हापासून मराठवाड्यात ख्रिस्ती झालेल्यांत दलित मोठ्या संख्येने आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात विरघळली असं कागद मानतो. गाव मानतो का, हे कुठल्याही वस्तीत जाऊन विचारा. पौलाने सांगितलेलं मरण इथे उलटं घडतं: सवलत मरते, जात जिवंत राहते.

म्हणून नव्या जन्माची कसोटी मला बाप्तिस्मा घेणाऱ्यापाशी कमी आणि भोवतीच्यांपाशी जास्त दिसते. निकदेमाने विचारलं होतं, म्हातारा माणूस जन्मणार कसा. आपल्याकडे तो प्रश्न गावाला विचारायला हवा. लक्ष्मीबाईंनी आपल्यापुरतं उत्तर दिलं, आणि त्यासाठी त्यांना एक पेला पुरला.