काट्यामागचा उजेड

साकोलीहून भंडाऱ्याकडे येताना, लाखनी मागे पडल्यावर, बाबांनी मला विचारलं, “गाडी चालवून रायला का टीव्ही पाहून रायला?”

आदल्याच रविवारी मी आमच्या जुन्या मारुती 800 च्या मीटरला चमकत्या तबकड्या बसवल्या होत्या. निळ्या उजेडाने सगळा डॅशबोर्ड भरून गेला होता. समोरच्या काचेतही त्याचं एक फिकट प्रतिबिंब तरंगत होतं, आणि मी त्यावर बेहद्द खूश होतो. बाबांना मी उत्तर दिलं नाही. पण एखाद्या वस्तूची इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात क्वचितच आली आहे. हा लेख म्हणजे त्या एका वाक्यावरचं भाष्य समजा.

पुस्तक, सिनेमा, नाटक यांची समीक्षा आपण करतो. गाडीच्या मीटरची कुणी करत नाही. खरं तर तोही एक मजकूर आहे. आकडे, रेघा, रंग, मोकळी जागा, सगळं कुणीतरी विचार करून मांडलेलं असतं. तो वाचायला आपल्याकडे फार तर एक क्षण असतो, आणि तेवढ्यात चुकीचं वाचलं तर त्याची किंमत रस्त्यावरचा दुसराच कुणी मोजतो. एवढी जबाबदारी फार थोड्या मजकुरांवर असते.

मी बसवली ती तबकडी नागपुरातल्या एका दुकानातून आणली होती. पाकिटात पातळ प्लास्टिकचा छापील पत्रा, त्याला जोडलेल्या दोन चपट्या तारा, काड्यापेटीएवढा काळा डबा आणि एक बटण. दुकानदार त्याला ‘प्लाझ्मा मीटर’ म्हणत होता. आपल्याकडे मोटारसायकलवाल्यांपासून कारवाल्यांपर्यंत हाच शब्द चालतो. त्यात प्लाझ्मा औषधालाही नसतो. पत्र्याच्या आत झिंक सल्फाइडसारख्या पावडरीचा थर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणारे थर असतात, आणि त्यातला पुढचा पारदर्शक. दोन्हींमधून वीज उलटसुलट फिरवली की पावडर स्वतःच उजळते. हा गुणधर्म जॉर्ज देस्त्रियो या फ्रेंच संशोधकाने 1936 साली नोंदवला. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची आणि एकाच दिशेने वीज देणारी. म्हणून तो काळा डबा लागतो. तो तिचं शंभरेक व्होल्टच्या उलटसुलट विजेत रूपांतर करतो आणि हे करताना डासासारखा गुणगुणतो. विजेची वारंवारता बदलली की याच पावडरीचा रंग हिरव्याकडून निळ्याकडे सरकतो.

बसवण्याचं काम मी अंगणात, खाटेवर पांढरं धोतर अंथरून केलं, म्हणजे सांडलेला स्क्रू दिसावा. बॅटरीची तार आधी काढली. मग मीटरभोवतीची चौकट, चार स्क्रू, मागची वेगाची केबल, वायरींचं सॉकेट. मीटर हातात आलं तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्याकडे फक्त पाहून गाडी चालवली होती. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतो. तो शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवताच स्वतःबरोबर ओढू पाहतो. वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग रोखून धरते. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगचा हट्ट यांची जिथे तडजोड होते, तिथे काटा थांबतो. तीच आपली गती.

जुन्या तबकडीवर नवी चढवायची तर काटा काढावा लागतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. शून्याजवळ एक छोटी खुंटी असते. थांबलेल्या गाडीत काटा तिला टेकून बसलेला दिसतो. पण तो सहज बसलेला नसतो, स्प्रिंग त्याला आणखी मागे खेचत असते. म्हणून काटा उपटण्याआधी तो अलगद खुंटीवरून उचलून सोडायचा, तो मोकळा होऊन कुठे जातो तिथे पेन्सिलीने खूण करायची, आणि बसवताना त्याच खुणेवर बसवून मग खुंटीच्या पुढे आणायचा. हे मला माहीत होतं. तरीही नव्या तबकडीच्या घाईत खूण करायची राहिली. दोन चमच्यांच्या दांड्यांनी काटा उचकटला, आणि परत बसवताना ताण अंदाजाने दिला. जरा जास्तच दिला.

आता तबकडीविषयी. दिवसा ती पांढरी, रात्री निळी. आकडे तिरपे, धावल्यासारखे. शंभराच्या पुढे लाल पट्टा, जणू ही 800 त्या पट्ट्यात रोज जाऊन येते. आकड्यांच्या मागे विणलेल्या कार्बन फायबरची छपाई. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा तितक्याच तेजाने उजळलेले. कंपनीच्या मूळ तबकडीत या सगळ्याच्या जागी काळा रंग होता. त्या काळ्याला मी इतकी वर्षं गरिबी समजत होतो. आता वाटतं, तो परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळीसारखा होता. डोळ्याला कुठे जायचं ते तोच सांगत होता. सगळंच उजळलं की काहीच ठळक उरत नाही. पानातला प्रत्येक शब्द ठसठशीत अक्षरात छापावा तशी ही तबकडी होती.

त्या रात्रीची गोष्ट इथे सांगायला हवी. धानाची कापणी आटोपत आली की या पट्ट्यात रात्रीही तणस वाहून नेणाऱ्या बंड्या रस्त्यावर येतात. त्यांना दिवा नसतो, मागे चमकणारी पट्टी नसते. बाबांचा टोमणा ऐकून मी काही तरी पुटपुटत होतो, तेवढ्यात ते ओरडले, “बंडी!” मी ब्रेक दाबला. हेडलाइटच्या उजेडात तणसाचा एक राखाडी डोंगर एकदम उभा राहिला. थांबलो तेव्हा आमच्यात आणि बंडीत दोन हातांचं अंतर होतं. बैल चालतच राहिले. बंडीवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मीटरकडे पाहिल्याचं मला आठवत होतं. काटा 60 वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच रस्त्यावर घड्याळ घेऊन गेलो. खरोखर 60 ची गती असेल तर किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक मिनिट लागायला हवं. काटा 60 वर धरून मी पाच किलोमीटर मोजले. पाच मिनिटांऐवजी 4 मिनिटं 20 सेकंद लागले. म्हणजे गाडी जवळपास 69 ने धावत होती. गाडी हलली तरी काटा आधी शून्यावरच बसून राहतो आणि मग दचकून उठतो, हे मला दोन दिवस दिसत होतं. त्याचा अर्थ तेव्हा कळला. वेगमापक खऱ्यापेक्षा थोडी जास्त गती दाखवू शकतो, पण कमी कधीच दाखवू नये, असा युरोपातला नियम आहे. खोटं बोलायचंच तर सावध करणारं बोलावं, हा त्यातला शहाणपणा. माझं मीटर झगमगत होतं आणि नेमकं उलट्या बाजूने खोटं बोलत होतं.

भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणतात, तेव्हा इथल्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. पितळेचं भांडं बाहेरून चिंचेने घासून लखलखीत करतात, पण त्यात आंबट शिजवायचं तर आतून कल्हई लागते. बाहेरची चकाकी पाहुण्यांसाठी, कल्हई जेवणाऱ्यांसाठी. मी बाहेर चकाकी आणली आणि आतली कल्हई खरवडून टाकली.

निळ्या रंगाचा वेगळा जाब द्यावा लागेल. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्या सरावलेल्या डोळ्यातल्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वांत हळव्या असतात आणि लाल उजेडाला फारशा दाद देत नाहीत. म्हणून तेजस्वी निळा डॅशबोर्ड त्यांना सतत दिपवत राहतो. त्यात निळा प्रकाश डोळ्याच्या पडद्याच्या अलीकडेच एकवटतो, त्यामुळे निळे आकडे दुरून किंचित पुसट दिसतात. वय वाढलं की अधिकच. बंडी बाबांना आधी दिसली ती त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले म्हणून नव्हे. ते रस्ता पाहत होते. फोक्सवॅगनने 1990 च्या दशकाच्या अखेरीस निळा उजेड आणि लाल काटे आणले, त्यांची खूप चर्चा झाली, आणि पुढे तीच कंपनी पांढऱ्यावर गेली.

स्वतः उजळणारी तबकडी ही काही बाजारू पोरांची टूम नाही, हेही नोंदवायला हवं. क्रायस्लरने 1960 च्या गाड्यांत याच तंत्राने आपलं मीटर उजळवलं होतं. 1989 साली लेक्ससच्या पहिल्या मोठ्या गाडीत काळ्या काचेतून उगवल्यासारखे आकडे आले. तिथे तंत्र वेगळं, बारीक नळ्यांच्या दिव्यांचं होतं, पण मोह तोच. आणि याच्या अगदी उलट टोकाला साब. ही मूळची विमानं बनवणारी कंपनी. 1993 साली आलेल्या तिच्या नव्या 900 मध्ये एक बटण होतं. ते दाबलं की वेगाचा आकडा तेवढा उजळ राहायचा आणि बाकीचं सगळं विझायचं. पेट्रोल संपत आलं, इंजिन तापलं, तरच तो भाग पुन्हा जागा व्हायचा. मीटरच्या इतिहासातलं सर्वांत मोठं संपादन मी त्यालाच म्हणेन. काय दाखवायचं हे कुणालाही सुचतं; काय विझवायचं हे ठरवायला रात्रीचा रस्ता ओळखीचा असावा लागतो.

मग या पाकिटाला हसून मोकळं व्हायचं का? तसं करणारी समीक्षा मला मान्य नाही. ‘काय ही अभिरुची’ असं म्हणणाऱ्याच्या गाडीत बहुधा कंपनीनेच बसवलेला वीतभर रुंदीचा पडदा असतो, आणि त्यावरही सगळं एकाच तेजाने झळकत असतं. एसीचा वारा वाढवायला त्याला रस्त्यावरची नजर काढावी लागते. ती अभिरुची ठरते, कारण तिच्यावर कंपनीचा शिक्का आहे. तुमसरच्या किंवा पवनीच्या पोराने हौसेने लावलेली तबकडी मात्र थिल्लर. चूक दोघांची एकच आहे. फरक असलाच तर पोराच्या बाजूने आहे. त्याने मीटर उघडलं आहे, त्याने चुंबक आणि स्प्रिंग पाहिली आहे, आणि चुकलं तर दुरुस्त करायचे चार स्क्रू त्याच्या हाताखालचे आहेत. पडदेवाल्याला आपली चूक दुरुस्त करायची झाली तर पुढच्या मॉडेलची वाट पाहावी लागते.

या प्रकरणातली खरी कमाई मला तीच वाटते. जुन्या गाडीत आपलं असं फार थोडं असतं. इंजिन मेकॅनिकचं, टायर दुकानदाराचे, कागद आरटीओचे. रोज तोंडासमोर असलेली तबकडी तरी आपल्या मनासारखी असावी, ही इच्छा मला आजही खोटी वाटत नाही. फक्त मन मानेल तसं आणि डोळ्याला लागेल तसं, यांतला फरक कळायला मला पाच किलोमीटरचे दगड मोजावे लागले.

मी ती तबकडी काढली नाही. मीटर पुन्हा उघडलं, काटा काढला, मोकळ्या जागेची खूण शोधली आणि दगड मोजत मोजत चार खेपांत तो जागेवर आणला. आता काटा 60 वर असताना पाच किलोमीटरना पाच मिनिटं आणि वर दहा-बारा सेकंद लागतात. तेवढं सावध खोटं मी ठेवून घेतलं आहे. लाल पट्ट्यावर आणि कार्बनच्या विणीवर काळा रंग दिला. पेट्रोल आणि तापमानाच्या भागावर काळी जाळीदार चिकटपट्टी लावली. रंग हिरव्यावर आणला, उजेड बटणाच्या अगदी तळाला. पावसाळ्यात दमट हवेने एका कोपऱ्यात काळा डाग पडला आहे. या पावडरीला ओल सोसत नाही. एक दिवस ती पूर्ण विझेल, तेव्हा खालची मूळ तबकडी शाबूत आहे.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत बाबांना घेऊन मी साकोलीहून परतत होतो. लाखनी गेलं. रस्ता दूरपर्यंत दिसत होता, एका बंडीला आम्ही लांबूनच ओळखून डिप्पर दिला आणि सावकाश बाजूने निघालो. बऱ्याच वेळाने बाबांनी वाकून मीटरकडे पाहिलं.

“मीटरचा लाइट लागत नाही का आता?”

“लागतो. बारीक ठेवला आहे.”

“मंग ठीक आहे,” असं म्हणून ते पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.