व्हिक्टोरियन कादंबरी वाचायची कशी?

१८३७ ते १९०१ या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी साहित्याबद्दल आज जितकं साहित्य अभ्यासकाच्या हाताशी आहे, तितकं पूर्वी कधीच नव्हतं. त्या काळची नियतकालिकं, लेखकांची पत्रं, हस्तलिखितं घरबसल्या वाचता येतात. वर्गात मात्र हीच कादंबरी उताऱ्यांपुरती आणि गाइडांपुरती उरत चालली आहे. 'मिडलमार्च' नेमलेली असते, वाचलेली नसते. या अभ्यासाचं खरं दुखणं मला इथेच दिसतं. सिद्धान्त वाढले, पानं उलटणारे कमी झाले.

व्हिक्टोरियनांकडे पाहण्याची दृष्टी अनेकदा बदलली. १९१८ साली लिटन स्ट्रेचीने चार नामवंतांची चरित्रं लिहून त्या पिढीचा दबदबाच उतरवला. १९४८ मध्ये एफ. आर. लीव्हिसने इंग्रजी कादंबरीची थोर परंपरा आखली, तेव्हा डिकन्सच्या वाट्याला 'हार्ड टाइम्स'पुरतीच जागा आली. १९७० मध्ये पत्नी क्वीनी लीव्हिस यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्याने डिकन्सला श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून मान दिला. दरम्यान १९५७ पासून इंडियाना विद्यापीठातून या काळाला वाहिलेलं नियतकालिक निघू लागलं होतं, आणि साहित्याबरोबर कारखाने, चर्च, विज्ञान यांचाही विचार होऊ लागला होता.

पुढची मोठी उलथापालथ 'जेन एअर'भोवती झाली. १८४७ च्या या कादंबरीत माळ्यावर कोंडलेली बर्था ही नायकाची जमैकाहून आणलेली बायको. जीन ऱ्हिसने १९६६ मध्ये तिचीच कहाणी लिहिली. १९७९ मध्ये गिल्बर्ट आणि गुबार या समीक्षकांनी बर्थामध्ये जेनचा दडपलेला संताप पाहिला. १९८५ मध्ये गायत्री स्पिवाक यांनी विचारलं, की जेनला मिळणारं स्वत्व कोणाच्या बळीवर उभं आहे? हा प्रश्न टाळून ती कादंबरी आता वाचता येणार नाही, आणि टाळूही नये. पण आजचा विद्यार्थी बर्थाबद्दलचा वाद आधी शिकतो, कादंबरी मागाहून चाळतो. मग नायकाच्या थॉर्नफील्ड वाड्याच्या वरच्या मजल्यावरून येणारं ते हसणं त्याला दचकवत नाही. ज्या धक्क्यातून हे सगळे प्रश्न उभे राहिले, तोच त्याच्या वाट्याला येत नाही.

तो धक्का परत मिळवायचा तर त्या काळच्या वाचकाच्या हातात ही पानं कशी पडली ते पाहायला हवं; म्हणून मला सर्वांत मोलाचं वाटतं ते छपाई आणि वाचनाच्या व्यवहाराचं संशोधन. डिकन्सच्या बऱ्याच कादंबऱ्या महिन्याला एक शिलिंगाच्या बत्तीस पानी भागांतून आल्या. सोबत दोन चित्रं आणि जाहिराती. वाचक दीड वर्ष त्या माणसांबरोबर राहत असे. तीन खंडी कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग. ती विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, म्हणून वर्षाला एक गिनी भरून म्यूडीच्या वाचनालयातून खंड आणायचे. त्यामुळे घरातल्या लेकीबाळींनी काय वाचावं, यावर त्या वाचनालयाचा मोठा वचक होता.

नियतकालिकांचे संपादकही तितकेच सावध. हार्डीची 'टेस' १८९१ मध्ये 'ग्राफिक' साप्ताहिकात येत होती. पाणी भरलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना एकेक करून हातांवर उचलून पलीकडे नेतो, हा साधा प्रसंग. साप्ताहिकात त्या मुली हातगाडीवर बसून पलीकडे जातात! पुस्तकात हार्डीने त्यांना पुन्हा एंजलच्या हातांवर दिलं. हे दोन पाठ शेजारी ठेवले की त्या काळच्या सभ्यतेच्या कल्पना जेवढ्या स्पष्ट दिसतात, तेवढ्या शंभर पानांच्या प्रस्तावनेत दिसणार नाहीत.

आपल्याकडे या अभ्यासाला एक वेगळी वाट आहे आणि ती फारशी चालली गेलेली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि इंग्रजी साहित्य अभ्यासक्रमात आलं. पण इथल्या तरुणांनी आपणहून झपाटून वाचला तो जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. लंडनच्या गल्ल्यांतली गुन्हेगारी, खानदानी घराण्यांची लफडी यांवर त्याच्या कादंबऱ्या उभ्या. लीव्हिसच्या परंपरेत त्याला जागा नाही, आपल्या अभ्यासक्रमातही नाही. पण हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच आधाराने उभी राहिली. पुढे १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः दिली. रेनॉल्ड्सची भडक रहस्यं मागे टाकून हरिभाऊ या कादंबरीतल्या यमूच्या वाड्यातल्या माजघरापर्यंत कसे पोचले, आठवड्याच्या हप्त्याने त्यांच्या कथनाला काय वळण दिलं, हे शोधायला इंग्रजी आणि मराठी दोन्ही विभागांचे अभ्यासक एकत्र बसायला हवेत. त्यासाठी रेनॉल्ड्सच्या जाडजूड कादंबऱ्या आणि 'करमणूक'चे अंक, दोन्ही पहिल्या पानापासून वाचावे लागतील.